पाटा वाढवला म्हणून पासिंग वाढत नाही

आजचा विषय साधा वाटेल, पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तो घरोघरी आहे. तासगावची द्राक्षं, सांगलीची हळद, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, गावोगावचं दूध, झालंच तर खरसुंडीच्या आणि पुसेगावच्या बाजाराला जाणारी जनावरं. हे सगळं पिकअपमधून हलतं. गाडी घेतली की वर्ष-दोन वर्षांत मालक गॅरेजमध्ये जातो आणि म्हणतो, "मागून लई बसतीय, दोन पाटे वाढवून टाका." एका दुपारचं काम. गाडी मागून उचलली जाते आणि मालक खूश होतो.

त्या दुपारी नेमकं काय झालं आणि काय झालं नाही, ते आज आपण समजून घेऊ. आमचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर पाटा वजन लपवतो, कमी करत नाही.

आधी काटा, मग पाटा

एक उदाहरण घेऊ. आटपाडी किंवा जत भागातला एक बागायतदार आहे असं समजा. दुष्काळी वर्षात बाग जगवायला त्याने पिकअपच्या हौद्यात दोन हजार लिटरची प्लास्टिकची टाकी बसवली. गाडी रिकामी १,७०० किलो, आणि आरसी बुकावर भरल्या गाडीचं एकूण वजन ३,०५० किलो. म्हणजे जागा उरली १,३५० किलोची.

आता हिशोब करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन हजार लिटरचे झाले दोन हजार किलो. टाकी, पंप आणि पाइप मिळून १२० किलो धरा. माणसं दोन, १४० किलो. बेरीज २,२६०. गाडीचं एकूण वजन ३,९६० किलो झालं, मर्यादेपेक्षा ९१० किलो जास्त. हे त्या माणसाला माहीतच नसतं, कारण तो म्हणतो, "पाणी तर आहे, लोखंड थोडंच आहे?"

म्हणून पहिलं काम वजनकाट्याचं. साखर कारखान्यावर, मार्केट यार्डात, रस्त्याकडेला काटे आहेतच. गाडी तीनदा तोला: रिकामी, भरलेली, आणि भरलेली असताना फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. तिसरं वजन कुणी करत नाही, आणि पाट्याच्या दृष्टीने तेच सगळ्यात महत्त्वाचं. पाट्यांवर एकूण वजन येत नाही, त्या एक्सलवर जेवढं येतं तेवढंच येतं.

माल हौद्यात कुठे ठेवला यावर हे वजन बदलतं. पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे असं धरा. दीड टन मालाचा मध्य मागच्या एक्सलच्याही ३० सेंटिमीटर मागे गेला, तर मागच्या एक्सलवर दीड टन नाही, १,६५० किलो येतात. जादाचे १५० किलो कुठून आले? पुढच्या चाकांवरून उचलले गेले. मग स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि आपण म्हणतो पाटे कमी पडले. बऱ्याचदा पाटे कमी पडलेले नसतात. क्रेट किंवा टाकी केबिनकडे दोन हात सरकवली की निम्मी तक्रार मिटते, आणि तीही फुकटात.

पाटा करतो काय?

पाटा म्हणजे कमानीसारखा वाकवलेला स्प्रिंगच्या पोलादाचा पट्टा. जुन्या टांग्याला असे पाटे असायचे. वजन आलं की कमान सपाट होते, वजन गेलं की पुन्हा वळते. एकावर एक सात पाटे असतील आणि त्याच जाडीचा आठवा टाकला, तर कडकपणा ढोबळमानाने एक सप्तमांश, म्हणजे चौदा टक्के वाढतो. पण जाडीचं गणित वेगळं आहे. जाडी वाढली की कडकपणा तिच्या घनाने वाढतो. आठ मिलिमीटरऐवजी दहा मिलिमीटरचा पाटा घातला तर तो एकटाच जवळपास दोन पाट्यांचं काम करतो. म्हणून "मिळाला तो पाटा टाकला" हे चालत नाही.

आणि येताना गाडी रिकामी असते, हे आपण विसरतो. भरल्या गाडीसाठी कडक केलेले पाटे रिकाम्या गाडीत दबतच नाहीत. खड्डा आला की मागचं चाक रस्ता सोडतं. हवेत असलेलं चाक ना ब्रेक धरतं ना वळण. पावसाळ्यात रिकामी पिकअप वळणावर मागून घसरते, त्यात या कडक पाट्यांचा मोठा हात असतो.

शिवाय मालाचं बघा. द्राक्षाचे मणी देठापासून सुटतात, स्ट्रॉबेरी डागळते. हादरे वाढले की नाजूक फळाची प्रत घसरते. दहा क्रेट जास्त नेले आणि खालच्या थराचा भाव पडला, तर कमावलं काय?

शॉकअप करतो काय?

गॅरेजमध्ये ज्याला शॉकअप म्हणतात, त्या शॉकअब्सॉर्बरबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं तो वजन पेलतो. पिकअपला लागतो तो साधा शॉकअप वजन पेलत नाही. वजन पेलतो पाटा. शॉकअप फक्त हेलकावे थांबवतो.

झोपाळा आठवा. एकदा झोका दिला की तो किती वेळ हलत राहतो! पण बसलेल्या पोराने पाय जमिनीला घासला की दोन फेऱ्यांत थांबतो. तो घासणारा पाय म्हणजे शॉकअप. आत तेल असतं, दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ते इकडून तिकडे ढकललं जातं, आणि हेलकाव्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते.

यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे, गाडी बसतीय म्हणून नुसते भारी शॉकअप टाकले तर गाडी तेवढीच बसणार, पैसे वाया. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. पाटे कडक केले आणि शॉकअप जुनेच ठेवले, तर उसळी वाढते आणि ती रोखायला कुणी उरत नाही. पाट्यांचा कडकपणा दुप्पट झाला, तर आधीइतकीच शांत चाल मिळायला शॉकअपची रोखण्याची ताकद साधारण १.४ पट लागते. म्हणजे दोन्हींचा मेळ बसवावा लागतो.

लांबीही बघावी लागते. पाट्यांनी गाडी वर उचलली की जुना शॉकअप आधीच ताणलेला राहतो. चाक खड्ड्यात गेलं की तो पूर्ण उघडून झटका खातो, आणि मग त्याची बैठक तुटते किंवा सील फाटतं. शॉकअपवरून तेल ओघळलेलं दिसलं, किंवा टायरवर हात फिरवताना ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे लागले, तर शॉकअपची शंका घ्या. आणि बदलाल तेव्हा जोडीने बदला, एकट्या बाजूचा नको.

जे बदलत नाही ते

आता मुख्य मुद्दा. पाटे वाढवले. एक्सल बदलला का? नाही. चाकाची बेअरिंग? नाही. टायर? ब्रेक? चासी? सगळं तेच. आधी गाडी मागून बसायची, तेव्हा ती सांगत होती की वजन जास्त झालं. आपण तिचं तोंड बंद केलं.

यातली एक गोष्ट तर बहुतेक मालकांना कुणी सांगितलेलीच नसते. बऱ्याच माल वाहणाऱ्या गाड्यांना मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो चासीवर बसवलेला असतो आणि एका दांडीने मागच्या एक्सलशी जोडलेला असतो. गाडी बसली की चासी आणि एक्सल जवळ येतात, व्हॉल्व्हला कळतं की माल भरलाय, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, नाहीतर मागची चाकं जाम होतील. आता पाटे वाढवून गाडी उचलली की काय होतं? हौद्यात दोन टन माल आहे आणि व्हॉल्व्हला वाटतंय गाडी रिकामी आहे. तो मागचा ब्रेक कमी करतो. सगळं ओझं पुढच्या ब्रेकवर येतं. पाटे वाढवल्यावर हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाने पुन्हा जुळवून घ्यायला हवा, आणि मिस्त्रीला तेवढं विचारायला लाजू नका.

आता ही गाडी घाटात घाला. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाईला यायचं म्हणजे उंचीत साधारण पावणेसहाशे मीटरचा फरक. ३,०५० किलोची गाडी एवढी खाली उतरताना जी ऊर्जा सोडते ती विजेच्या हिशोबात जवळपास पावणेपाच युनिट होते. तीच गाडी ३,९६० किलोची असेल तर सव्वासहा युनिट. काही भाग इंजिन आणि हवा खाते, बाकी सगळं ब्रेकच्या लायनरवर उष्णता म्हणून येतं. लायनर तापले की पकड सुटते, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणाऱ्यांना हा जळका वास चांगला ओळखीचा आहे. उतारावर खालचा गिअर ठेवा हे सगळेच सांगतात. आम्ही त्याच्या आधीचं सांगतो: माल भरतानाच निम्मा ब्रेक ठरलेला असतो.

पाण्याच्या टाकीचा आणखी एक धोका आहे. ती अर्धी भरलेली असली की ब्रेक मारल्यावर पाणी पुढे धावतं, वळणावर बाहेरच्या बाजूला झेपावतं. हे पाट्याने थांबत नाही, शॉकअपनेही नाही. टाकीत आडवे पडदे असलेली टाकी घ्या, आणि नेताना पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न्या. पूर्ण भरून मर्यादा ओलांडत असेल तर टाकी लहान घ्या.

मग करायचं काय?

क्रमाने जाऊ.

पहिली पायरी म्हणजे आहे ते पूर्ववत करा. कित्येकदा पाटे कमी नसतात, थकलेले असतात. कमान गेलेली, एखादा सेंटर बोल्टजवळ तुटलेला, बुश झिजलेले, यू-बोल्ट सैल. मूळ मापाचा नवा संच टाकला तरी गाडी उभी राहते. जुना पाटा गॅसने लाल करून, ठोकून कमान देणं मात्र टाळा. त्या पोलादाला ठरावीक तापमानाचं पाणी दिलेलं असतं. ते एकदा उतरलं की पाटा पुन्हा बसतो, नाहीतर तुटतो. पाट्यावर वेल्डिंग तर कधीच नको.

दुसरी पायरी, वजन मर्यादेतच आहे पण कधी रिकामी, कधी भरलेली अशी गाडी चालते, तर हेल्पर पाट्यांचा विचार करा. हे पाटे रिकाम्या गाडीत टेकतच नाहीत. गाडी ठरावीक बसली की मग कामाला लागतात. त्यामुळे जाताना आधार आणि येताना मऊ चाल, दोन्ही मिळतं.

तिसरी पायरी कायमच्या वजनासाठी. हौद्यात दुधाची टाकी, वेल्डिंगचा संच, फवारणीचा ब्लोअर असं वजन बारा महिने राहणार असेल, तर त्या तोललेल्या वजनाला साजेसा पूर्ण संच आणि त्याच्या मेळाचे शॉकअप घ्या. आणि ते वजन मालाच्या मर्यादेतून वजा करायला विसरू नका.

काम झाल्यावर यू-बोल्ट नवे टाका, चाकं जमिनीवर असताना आवळा, आणि थोडी गाडी चालवून पुन्हा आवळून घ्या. सैल यू-बोल्टमुळे एक्सल जागचा सरकतो.

"पण फेऱ्या वाढतात त्याचं काय?"

हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो खरा आहे. डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. पण दुसऱ्या बाजूचा आकडाही मांडा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जास्तीचा माल तिथेच उतरवायचा. कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलात आपल्या मनाने बदल करता येत नाही. त्यामुळे कितीही पाटे टाका, आरसी बुकावरचा आकडा हलत नाही. अपघात झालाच तर विम्याच्या माणसाला बोट ठेवायला तीच जागा सापडते.

दोन हजार लिटर पाणी रोजच लागत असेल तर दोन रस्ते आहेत. एक, त्या पासिंगची गाडी घ्या. दोन, हजार लिटरच्या दोन फेऱ्या करा. आमच्या उदाहरणातल्या गाडीत हजार लिटर, टाकी आणि माणसं मिळून १,२६० किलो होतात, मर्यादेत बसतात. तिसरा रस्ता पाट्याचा दिसतो खरा, पण तो रस्ता नाही.

घरी गेल्यावर एवढंच करा. आरसी बुक काढून एकूण वजनाचा आकडा केबिनमध्ये दिसेल असा लिहून ठेवा. पुढच्या खेपेला गाडी काट्यावर घाला. आणि मागून गाडी बसलेली दिसली, तर गॅरेजला जाण्याआधी हौद्यात डोकावून बघा.