गुप्त बोलीचा लिलाव : डेन्मार्कमधील बीट-उत्पादकांचा प्रयोग

मालाचा किमान कोणता भाव आपणास परवडतो, हे खरेदीदारास कळले की सौद्यातील शेतकऱ्याचे बळ सरले. आपल्याकडे रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची जी हत्ता पद्धत होती, तीत गुप्तता होती खरी. परंतु ती दलालाच्या सोयीची होती, शेतकऱ्याच्या नव्हे.

डेन्मार्कमधील साखरेचे बीट पिकविणाऱ्या शेतकऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. २००६ साली युरोपीय संघाने साखर-धोरण बदलले व बीटचा आधार बराच कमी केला. त्यामुळे बीट पुरविण्याचे करार एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणे अगत्याचे झाले. देशात बीट घेणारी कंपनी एकच, डॅनिस्को. तिच्या हाती बोली द्यावी, तर प्रत्येकाची आर्थिक स्थिती तिला उघड होणार व पुढील करारात ती त्याचा लाभ घेणार. केवळ उत्पादक संघानेच लिलाव चालवावा, तर ते कंपनीस अमान्य. कारण शेतकऱ्यांकडील येण्यास हेच करार तारण होते.

जानेवारी २००८ मध्ये यावर तोड निघाली. कंपनी, उत्पादक संघ व संशोधक या तिघांच्या संगणकांवर प्रत्येक बोलीचे तुकडे सोपविण्यात आले. याची सोपी कल्पना अशी : १२ हा आकडा लपवावयाचा आहे. त्याचे ५७, ३१ व २४ असे तीन भाग केले. बेरीज ११२; शंभर वगळता १२. एकच भाग पाहणाऱ्यास काहीही उमगत नाही. मात्र सर्वांचे भाग आपापल्या जागी मिळविता येतात, आणि अमुक भावास एकंदर मागणी अधिक की पुरवठा अधिक, एवढीच तुलना उघड करता येते. अशा तुलना करीत गेल्यास दोहोंचा मेळ बसणारा भाव सापडतो. प्रत्यक्षातील गणित याहून बरेच बिकट असते.

१,२००हून अधिक शेतकऱ्यांनी बोली दिल्या. हिशोबास सुमारे अर्धा तास लागला व सुमारे २५,००० टन उत्पादनाचे हक्क हस्तांतरित झाले.

अलीकडे ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेकांपाशी एकसारख्या असलेल्या खातेवहीवर, लिलाव चालविण्याचे प्रयत्न होतात. ही वही बहुधा सर्वांस खुली असते. मागाहून खाडाखोड होत नाही, हा तिचा गुण. पण तीत बोली जशीच्या तशी लिहिल्यास गुप्तता संपलीच. म्हणून तेथेही बोली झाकूनच तुलना करावी लागते. डेन्मार्कच्या पद्धतीतही एक उणीव होतीच : तिघांपैकी दोघे संगनमत करते, तर सर्व बोली त्यांना वाचता आल्या असत्या. कंपनी व उत्पादक संघ यांचे हितसंबंध परस्परविरोधी होते, हेच तेथे शेतकऱ्याचे खरे संरक्षण ठरले.