‘सहकारसुरा’ : एक अर्थविचार

कौटिलीय अर्थशास्त्रात (२.२५) ‘सहकारसुरा’ हा शब्द आला आहे. ‘आंब्याची दारू’ हे त्याचे भाषांतर सदोष होय. तत्पुरुषात उत्तरपद प्रधान असते, आणि सुरा ही मुख्यतः धान्याची. त्याच अध्यायात द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले आहे, सुरा नव्हे. धान्यातील पिष्टाची प्रथम साखर व्हावी लागते. त्यासाठी उडीद, तांदूळ व वनस्पती यांचे ‘किण्व’ घालीत. ‘मेदक’ या प्रकारात १६ भाग पाण्यास २ भाग तांदूळ व ३ भाग किण्व सांगितले आहे. कुटुंबांना विशेष प्रसंगी घरी श्वेतसुरा करण्याची मुभाही होती. सारांश, सहकारसुरा म्हणजे आंब्याच्या स्वादाची धान्यसुरा. ऊर्ध्वपातित दारू नव्हे. आपल्या ‘किण्वन’ या संज्ञेत ते जुने किण्व अद्याप जिवंत आहे. भाषांतरात मात्र ते हरवू नये.