आजारी कासवाला आधी ऊब, मग अन्न

भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशातील हर्मन जातीच्या पाळीव भूकासवाला न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसांचा संसर्ग झाल्यास पशुवैद्यकाच्या औषधांइतकीच घरातील ऊब महत्त्वाची ठरते; कारण हा शीतरक्ती, म्हणजे शरीराची उष्णता बाहेरून मिळवणारा प्राणी असल्याने थंडीत त्याची प्रतिकारशक्ती आणि पचन दोन्ही मंदावतात. त्याला श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधील स्नायूंचा पडदा नसल्यामुळे खोकून कफ नीट बाहेर टाकता येत नाही, म्हणून वाहते नाक किंवा उघड्या तोंडाने चाललेला श्वास दिसताच उपचार सुरू करावेत. दिवसा २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान राखावे, रोज हनुवटीखाली राहील इतक्याच कोमट पाण्यात त्याला देखरेखीखाली बसवावे आणि अंगात ऊब व पाणी येण्यापूर्वी बळेच भरवू नये.