ओसरणारे पाणी आणि परतणारे पक्षी

माणदेश-खटावचे पाणवठे : लेखांक सहावा

मागील लेखांकात शरद ऋतूतील आगमनाचा विचार झाला; आता त्याच पक्ष्यांच्या परतीच्या प्रवासाकडे वळावयाचे आहे. महाराष्ट्रात पक्षिनिरीक्षणाचा हंगाम म्हणजे हिवाळा, असा समज रूढ आहे. सलीम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनांना जोडून २०२० पासून साजरा होणारा पक्षी सप्ताहही ५ ते १२ नोव्हेंबर या दिवसांत येतो, त्यामुळे हौशी निरीक्षकांचे लक्ष आगमनावर अधिक असते आणि मार्च उजाडून ऊन तापू लागले की तलावांवरची वर्दळ कमी होते. वस्तुतः फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे, आणि सातारा-सांगली जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यातील तलावांइतका तो क्वचितच कोठे स्पष्टपणे वाचता येतो.

महादेव डोंगररांगेच्या पूर्वेकडील खटाव, माण आणि आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात, म्हणजे डोंगरांनी पावसाळी ढग अडविल्यामुळे कोरड्या राहिलेल्या भागात मोडतात. महाबळेश्वरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असताना येथे तो जेमतेम पाचशे मिलिमीटरांच्या आसपास असतो. या अवर्षणावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ब्रिटिश अमदानीत, मायणी, नेर आणि राजेवाडी हे तलाव बांधले गेले, आणि स्वातंत्र्योत्तर काळात येरळा नदीवर येरळवाडीचे धरण झाले. राजेवाडीचा तलाव तर दोन्ही जिल्ह्यांत विभागलेला आहे: माणगंगेवरचा बांध सांगलीच्या आटपाडी तालुक्यात, तर फुगवट्याचा मोठा भाग साताऱ्याच्या माण तालुक्यात. माणसाच्या तहानेसाठी बांधलेल्या या उथळ, पसरट जलाशयांना पक्ष्यांनी आपलेसे केले, आणि २०२१ मध्ये मायणी परिसरातील तलावांच्या समूहाला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

परतीची वेळ झाली हे पक्ष्याला कसे कळते, हा पहिला प्रश्न. कॅनडातील विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात लहान पक्ष्यांना भर हिवाळ्यात कृत्रिम दिव्यांचा प्रकाश देऊन दाखविले, की दिवसाची लांबी वाढल्याचा आभास झाला तरी त्यांच्या प्रजनन-ग्रंथी वाढू लागतात. दिवसातील उजेडाच्या या कालावधीला प्रकाशकाल म्हणतात. मात्र साताऱ्याच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत फरक असतो तो अवघा दोन तासांच्या आसपास, तर सैबेरियात तोच फरक दहा तासांवर जातो. मग इतक्या अल्प बदलावरून उत्तरेकडच्या वसंताची चाहूल कशी लागावी? जर्मन शास्त्रज्ञ एबरहार्ड ग्विनर यांनी पर्णवटवट्यांसारखे पक्षी एकसारख्या प्रकाशात दीर्घकाळ ठेवले, तेव्हाही पिसे बदलणे, चरबी साठविणे आणि रात्रीची अस्वस्थ फडफड ही चक्रे बऱ्याच अंशी आपापल्या क्रमाने चालू राहिली. म्हणजे पक्ष्याच्या शरीरातच एक वार्षिक घड्याळ असते आणि प्रकाशकाल ते केवळ बिनचूक लावून देतो. तलावाच्या काठावर मार्चमध्ये दिसणारी धावपळ, सततचे खाणे, थव्यांचे वारंवार उठणे आणि पुन्हा उतरणे, ही या घड्याळाचीच बाह्य लक्षणे होत.

यांपैकी पिसांचा बदल साध्या दुर्बिणीतूनही पाहता येतो. पांढऱ्या धोब्याचा गळा हिवाळ्यात पांढरा असतो व छातीवर तेवढी एक काळी चंद्रकोर उरते. मार्चमध्ये तोच गळा काळा होत जाऊन चंद्रकोरीला मिळतो. पिवळा धोबी तर याहून बोलका आहे. डिसेंबरात मळकट, ओळखू न येणारे दिसणारे हे पक्षी मार्चअखेरीस इतके वेगळे होतात, की एकाच चिखलावर काळ्या डोक्याचा आणि करड्या डोक्याचा नर शेजारी शेजारी टिपता येतो. काळ्या डोक्याची पोटजात बाल्कनपासून मध्य आशियापर्यंतच्या प्रदेशात वीण घालते, करड्या डोक्याची उत्तर युरोप आणि सैबेरियात. हिवाळाभर एकत्र चरलेले हे दोन पक्षी येथून निघाल्यावर वेगवेगळ्या दिशांना पांगणार आहेत, हे त्यांच्या डोक्यांच्या रंगावरून समजते. हे दृश्य नोव्हेंबरमध्ये दिसत नाही, आणि केवळ एवढ्यासाठी देखील उन्हात काठावर थांबणे सार्थकी लागते.

परतीचा क्रम ठरलेला असतो. पट्टकादंब हा डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस सर्वसाधारणपणे मार्चमध्ये निघतो. तिबेट, लडाख, मंगोलिया येथील सरोवरांकडे जाताना त्याला हिमालय ओलांडावा लागतो. उपग्रहाशी जोडलेल्या यंत्रांनी केलेल्या अभ्यासात त्याची सर्वाधिक उंची सुमारे ७,२९० मीटर नोंदली गेली, परंतु अधिक महत्त्वाचे असे आढळले, की हा पक्षी सरळ उंच न उडता डोंगरउतारांना धरून वर-खाली होत जातो आणि हवा थंड व दाट असते अशा रात्रीच्या व पहाटेच्या वेळा पसंत करतो. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदके याच सुमारास निघतात. भुवई बदकांचे थवे एप्रिलपर्यंत दिसतात. सर्वांत उशिरा जाणाऱ्यांत भोरड्या, म्हणजेच पळसमैना, यांची गणना होते. पळस, पांगारा, सावर फुलले की काळे डोके आणि गुलाबी अंगाच्या या पक्ष्यांचे थवे फुलांतल्या मधावर तुटून पडतात आणि संध्याकाळी तलावाकाठच्या बाभळींवर मुक्कामास येतात. शाळू उभा असेतोवर शेतकऱ्याला त्यांचा जाच वाटतो, हे खरे. पण हेच पक्षी पुढे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत जाऊन टोळांच्या सुगीवर आपली पिल्ले वाढवितात.

या साऱ्या हालचालीचे केंद्र पाण्याच्या मध्यभागी नसून काठावर आहे, ही गोष्ट ठामपणे सांगणे आवश्यक आहे. ऑक्टोबरात तुडुंब असलेला तलाव बाष्पीभवनाने आणि सिंचनासाठी सोडलेल्या पाण्याने रोज थोडा थोडा मागे सरकतो, आणि प्रत्येक दिवशी ओल्या चिखलाची एक ताजी पट्टी उघडी पडते. त्या चिखलात डासासारख्या माश्यांच्या तांबड्या अळ्या, गोगलगायी आणि कृमी विपुल असतात. पायांची आणि चोचीची लांबी ज्याला जेवढी, तेवढ्या खोलीवर तो पक्षी चरतो: गुडघाभर पाण्यात रोहित, त्याच्या आत शेकाट्या आणि काळ्या शेपटीचा मालगुजा, घोटाभर पाण्यात तुतारी, ओल्या चिखलावर छोटा टिलवा आणि चिखल्या, आणि जेथे चिखल सुकून गाळपेर होते, म्हणजे ओसरलेल्या पाण्याखालच्या गाळावर शेतकरी हरभऱ्यासारखे पीक घेतो, तेथे धोबी आणि चरणारे पट्टकादंब. जवळच टिटवीने घातलेली अंडी असण्याचा संभव असतो, कारण स्थानिक पक्ष्यांची वीण याच वेळी सुरू होते. छोट्या टिलव्याचे वजन पंचवीस-तीस ग्रॅमच्या घरात असते, पण सैबेरियाच्या टुंड्रापर्यंत जाण्यासाठी त्याला निघण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत भरपूर चरबी साठवावी लागते. म्हणून काठावर चालत जाऊन थवा उठविणे हे केवळ शिष्टाचाराच्या विरुद्ध नाही; प्रत्येक अनावश्यक उड्डाण त्या शिदोरीतून खर्च होते. निरीक्षकाने बांधावर, सूर्य पाठीशी घेऊन, सकाळी बसावे आणि दुर्बीण काठाच्या पट्टीवरून सावकाश फिरवावी.

काठाचे हे महत्त्व लक्षात घेतले, की आजच्या दोन बदलांकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचे पाणी दुष्काळी भागात पोहोचले, ही पिढ्यान्‌पिढ्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या गावांसाठी मोठी गोष्ट आहे, आणि पक्ष्यांच्या नावाखाली तिला विरोध करणे अन्यायाचे ठरेल. तथापि ज्या तलावात मार्च-एप्रिलमध्ये बाहेरचे पाणी सोडून पातळी वाढविली जाते, त्याचा चिखलाचा काठ बुडतो आणि लांब पायांचा रोहितही खोल पाण्यात उभा राहू शकत नाही. तलाव भरलेला दिसतो, पण टिलव्याला आणि तुतारीला तेथे जेवायला जागा उरत नाही. दुसरा बदल गाळ काढण्याचा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या शासकीय योजनेने साठवण वाढते व शेताला कसदार माती मिळते. मायणीसारख्या गाळाने भरलेल्या जुन्या तलावांना तिची गरजही आहे. परंतु यंत्राने सर्व बाजूंनी कडे उभे खणले, तर पाणी ओसरूनही उथळ पट्टी तयारच होत नाही. गाळ बांधाच्या बाजूने खोल काढावा आणि फुगवट्याकडचा सौम्य उतार तसाच राखावा, एवढी मर्यादा पाळल्यास शेतकऱ्याचे नुकसान होत नाही आणि पक्ष्यांचा काठ शाबूत राहतो. पाणी सोडण्याच्या वेळापत्रकातही एखादा तलाव एप्रिलच्या मध्यापर्यंत ओसरू द्यावा, हे पाटबंधारे आणि वन या दोन खात्यांनी एकत्र बसून ठरविण्याजोगे आहे. राखीव क्षेत्राच्या दर्जाला त्यावाचून फारसा अर्थ उरत नाही.

येरळा खटावमधून दक्षिणेकडे वाहत सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तेथील नदीपात्रात उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूवर आणि खडकांवर नदी सुरय वीण करतो, आणि त्याचीही गरज ओसरलेल्या पाण्याचीच असते. या नदीकाठाचा विचार पुढील लेखांकात करण्यात येईल.