फर्ग्युसन यांच्या खुर्चीचा वाद

इंग्लंडमध्ये मोठ्या फुटबॉल क्लबच्या मॅनेजरला नारळ मिळाला की त्या शहरातील गप्पांचा विषय त्याच संध्याकाळी बदलतो. पबमध्ये, स्टेडियमकडे जाणाऱ्या ट्रॅममध्ये, रेडिओवरील श्रोत्यांच्या कार्यक्रमांत, चाहत्यांनी पदरमोड करून चालविलेल्या मासिकांत एकच प्रश्न घोळू लागतो : आता कोण? आपल्याकडे असा वाद रंगतो तो क्रिकेटच्या कर्णधारावरून. फुटबॉलमध्ये कर्णधाराचे काम त्या मानाने मर्यादित. संघ निवडणे, व्यूहरचना ठरविणे, सामना सुरू असताना कोणाला बाहेर काढायचे आणि कोणाला आत पाठवायचे याचा निर्णय घेणे हे सारे मॅनेजरच्या हाती असते. ब्रिटिश परंपरेत तर कोणता खेळाडू विकत घ्यायचा, कोणाला विकायचे आणि अकादमीतील कोणत्या मुलावर विश्वास टाकायचा हेही बराच काळ तोच ठरवीत आला. त्यामुळे मॅनेजरची निवड म्हणजे क्लबच्या पुढील काही वर्षांची निवड, असे चाहते मानतात. यात त्यांचे फारसे चुकत नाही. चुकते ते पुढे, आणि ते कसे हे पाहायचे तर मँचेस्टर युनायटेडइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी नोव्हेंबर १९८६ मध्ये सूत्रे हाती घेतली आणि मे २०१३ मध्ये निवृत्तीची घोषणा केली. मधल्या साडेसव्वीस वर्षांत क्लबने ३८ करंडक जिंकले, त्यांत १३ लीग विजेतेपदे होती. गंमत अशी, की त्यांच्या वारसदाराविषयी चाहत्यांना वाद घालायला वेळच मिळाला नाही. ८ मे रोजी निवृत्ती जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी एव्हर्टनचे डेव्हिड मोयेस यांचे नाव निश्चित झाले. निवड खुद्द फर्ग्युसन यांचीच होती. दोघेही ग्लासगोचे, दोघेही शिस्तीचे. करार सहा वर्षांचा होता. स्टेडियमच्या स्ट्रेटफर्ड एंडवर मोयेस यांच्या चित्राचा फलक लागला. ‘निवडलेला’ अशा अर्थाचे शब्द त्यावर होते. दहा महिन्यांनी, मार्च २०१४ मध्ये, लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी या दोन्ही कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन प्रत्येकी ०-३ असा धुव्वा उडविल्यावर काही चाहत्यांनी विमान भाड्याने घेतले आणि मोयेस यांच्या हकालपट्टीची मागणी करणारा फलक मैदानावरून फिरविला. खाली बसलेल्या अनेकांनी मात्र त्या विमानाचीच हुर्यो उडविली. सत्तावीस वर्षे एकाच माणसाला पाठीशी घालून मोठे झालेल्या क्लबमध्ये मॅनेजरला घालविण्याची सवय मोडली होती, ती नव्याने लावून घ्यायला वेळ लागत होता. एप्रिलमध्ये मोयेस गेले. संघ सातव्या स्थानी राहिला.

त्यानंतर खरा वाद सुरू झाला. तो आजतागायत तीन प्रकारच्या माणसांभोवती फिरताना दिसतो. पहिला नावाजलेला, ज्याच्या कपाटात करंडक आहेत. दुसरा घरचा, म्हणजे क्लबचा माजी खेळाडू. तिसरा उगवता, दुसऱ्या देशात नवा विचार घेऊन गाजत असलेला. प्रत्येक बाजूचे म्हणणे ऐकताना पटते आणि प्रत्येक बाजूकडे दुसऱ्याला खोडून काढणारे उदाहरण तयार असते.

नावाजलेल्यांची पाळी प्रथम आली. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सला तिसरे स्थान मिळवून देणारे लुई व्हान गाल आले. त्यांनी २०१६ मध्ये एफए कप जिंकून दिला, तो क्लबने १२ वर्षांनी जिंकला होता, आणि दोनच दिवसांनी त्यांना घरी पाठविण्यात आले. त्यांच्या जागी होजे मोरिन्हो यांचे नाव पुढे येताच चाहत्यांत उभी फूट पडली. एका गटाला केवळ जिंकणे हवे होते. दुसऱ्या गटाला व्हान गाल यांचे सहायक आणि क्लबचे सर्वाधिक सामने खेळलेले रायन गिग्ज हवे होते. या दुसऱ्या गटाचा मुद्दा भावनेचा होता, तसाच इतिहासाचाही होता. ऑक्टोबर १९३७ पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या संघात अकादमीतून आलेला किमान एक खेळाडू असतो, अशी या क्लबची परंपरा. आक्रमक खेळ, मैदानाच्या कडेने धावणारे विंगर आणि गावातील पोरे हे मॅट बझ्बी यांनी घालून दिलेले वळण. मोरिन्हो त्यात बसणारे नाहीत, असे सर बॉबी चार्ल्टन यांनी २०१२ मध्येच सूचित केले होते. तरीही मोरिन्हो आले. त्यांनी २०१७ मध्ये लीग कप आणि युरोपा लीग जिंकली, पुढील हंगामात लीगमध्ये दुसरे स्थान मिळविले आणि डिसेंबर २०१८ मध्ये खेळाडूंशी व व्यवस्थापनाशी बिनसलेल्या अवस्थेत निरोप घेतला. फर्ग्युसन यांच्यानंतरच्या पहिल्या तिघांत करंडकांचा हिशेब त्यांचाच चांगला आहे. हे मान्य करायला पुष्कळ चाहत्यांना आजही जड जाते.

मग घरच्या माणसाचे दिवस आले. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी विजयी गोल करणारे ओले गुन्नार सोल्सजाएर हंगामी मॅनेजर म्हणून आले आणि पहिले आठही सामने जिंकले. ६ मार्च २०१९ रोजी पॅरिसमध्ये पॅरिस सेंट-जर्मेनवर ३-१ अशी मात झाली तेव्हा तर वाद संपल्यातच जमा होता. रिओ फर्डिनंडसारख्या माजी खेळाडूने दूरचित्रवाणीवर, करार त्यांच्यापुढे ठेवा आणि हवा तो आकडा त्यांना लिहू द्या, अशी मागणी केली. २८ मार्चला पद कायम झाले. त्यानंतरच्या दहा सामन्यांत विजय मिळाले दोन. एव्हर्टनकडून ०-४, बार्सिलोनाकडून ०-३ असे पराभव झाले. हंगामी माणसाला कायम करण्याचा मोह असा असतो. दबाव नसताना जुळून आलेला सूर हीच त्याची पात्रता ठरते. सोल्सजाएर पुढे अडीच वर्षे टिकले, एकदा लीगमध्ये दुसरेही आले. पण करंडक मिळाला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये लिव्हरपूलने ओल्ड ट्रॅफर्डवर ५-० ने नमविले त्या वेळी अँतोनियो कोंते मोकळे होते. चाहते त्यांच्या बाजूने आणि विरोधात भांडत असतानाच ते टॉटनहॅमला गेले. सोल्सजाएर यांना काढण्यात आले त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी.

उगवत्यांची कथाही वेगळी नाही. आयॅक्सचे एरिक टेन हाग २०२२ मध्ये आले. त्यांनी दोन वर्षांत लीग कप आणि एफए कप जिंकला. २०२३-२४ मध्ये मात्र लीगमधील स्थान आठवे. त्या उन्हाळ्यात क्लबने इतर उमेदवारांशी बोलणी केली, नंतर टेन हाग यांचाच करार वाढविला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांना काढले. मग स्पोर्टिंग लिस्बनचे रुबेन अमोरिम आले. मागे तीन बचावपटू ठेवून खेळणारा हा प्रशिक्षक, आणि चार बचावपटूंच्या रचनेसाठी जमविलेला संघ. २०२४-२५ मध्ये युनायटेड पंधराव्या स्थानी घसरला.

तिन्ही प्रकारची माणसे येऊन गेली आणि खुर्ची तशीच राहिली. याचे कारण खुर्चीतच शोधावे लागेल. २०१३ मध्ये फर्ग्युसन यांच्याबरोबर मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडले, ही गोष्ट तेव्हाच्या चर्चेत जवळजवळ हरवली. खेळाडू हेरणे, भाव ठरविणे, कोणाला कधी विकायचे हे ओळखणे हे सारे या दोघांच्या डोक्यात होते. संस्था म्हणून क्लबकडे त्याची घडी नव्हती. फुटबॉल संचालक हे पद युनायटेडने निर्माण केले ते मार्च २०२१ मध्ये. प्रत्येक नवा मॅनेजर आपल्या आवडीचे खेळाडू मागत गेला, क्लब विकत घेत गेला आणि पुढच्याला ते गळ्यातील लोढणे झाले. सर जिम रॅटक्लिफ यांनी भागीदारी घेतल्यावर आणलेले क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ तर पाच महिन्यांत गेले. अमोरिम यांचे अधिकृत पद मुख्य प्रशिक्षकाचे होते. जानेवारी २०२६ मध्ये, हकालपट्टीच्या आदल्या दिवशी, आपण येथे मॅनेजर म्हणून आलो आहोत, केवळ प्रशिक्षक म्हणून नव्हे, असे त्यांनी पत्रकारांना सुनावले. बारा वर्षांचा घोळ त्या एका वाक्यात आला.

लिव्हरपूलने हेच उलट्या क्रमाने केले. युर्गेन क्लॉप यांनी जानेवारी २०२४ मध्ये जाण्याचे जाहीर करताच चाहत्यांच्या ओठी शाबी अलोन्सो यांचे नाव आले. क्लबचे माजी खेळाडू आणि लेव्हरकुसेनला जर्मन विजेतेपदाकडे नेणारे, म्हणजे घरचे आणि उगवते दोन्ही. मार्चअखेर त्यांनी लेव्हरकुसेनमध्येच राहण्याचा निर्णय घेतला. दरम्यान क्लबने मायकेल एडवर्ड्स यांना परत आणले, रिचर्ड ह्यूज यांना क्रीडा संचालक केले, आणि मग फेयेनूर्डच्या आर्ने स्लॉट यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. स्लॉट यांनी जवळजवळ जुन्याच संघानिशी २०२४-२५ ची लीग जिंकली. चाहत्यांचा लाडका उमेदवार मिळाला नाही म्हणून काही बिघडले नाही.

संयम बाळगा, असे म्हणणाऱ्यांचे आवडते उदाहरण अर्थातच फर्ग्युसन यांचे. डिसेंबर १९८९ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या पराभवाच्या वेळी ओल्ड ट्रॅफर्डवर फलक झळकला होता : तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता रामराम. पुढच्या मे महिन्यात एफए कप आला आणि १९९३ मध्ये, २६ वर्षांनी, लीग. पण याच क्लबचा त्यापूर्वीचा इतिहास क्वचितच कोणी काढतो. बझ्बी १९६९ मध्ये बाजूला झाले, घरचे विल्फ मॅकगिनेस आले, दीड वर्षात गेले. बझ्बी काही काळ परतले. मग बाहेरचे फ्रँक ओ’फॅरेल आले आणि तेही गेले. १९७४ मध्ये युनायटेड दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्याच वर्षी लिव्हरपूलचे बिल शँकली निवृत्त झाले. त्यांची जागा त्यांचेच सहकारी बॉब पेस्ली यांनी घेतली आणि नऊ हंगामांत सहा लीग व तीन युरोपियन कप जिंकले. तेथे माणूस बदलला, त्याच्यामागची मंडळी तीच राहिली.

मग चाहते नावांवरच का भांडतात? कारण बाकी काही त्यांच्या हाती नाही. बार्सिलोनात सदस्य मतदान करून अध्यक्ष निवडतात आणि उमेदवार प्रचारात नावे जाहीर करतात. २००३ मध्ये लापोर्ता यांनी युनायटेडच्याच डेव्हिड बेकहॅमचे आश्वासन देऊन निवडणूक जिंकली. बेकहॅम गेला रेआल माद्रिदला, हा भाग वेगळा! जर्मनीत काही अपवाद सोडता क्लबची बहुसंख्य मते सदस्यांकडे राहतात. मँचेस्टरमध्ये मात्र ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये कर्ज काढून क्लब विकत घेतला आणि ते कर्ज क्लबवरच टाकले. तेव्हा तिकिटासाठी पिढ्यान्‌पिढ्या पैसे मोजणाऱ्यांना कोणी विचारले नाही. २ मे २०२१ रोजी संतप्त चाहते ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. सामना थांबविण्याइतकी ताकद त्यांच्याकडे आहे, निवडीच्या टेबलाशी बसण्याइतकी नाही. काहींनी २००५ मध्येच वेगळी वाट धरली आणि एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. तेथे प्रत्येक सदस्याला एक मत आहे.