मुंडावळ्या बांधायच्या आहेत, हे आधी ध्यानात घ्या

रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात लग्नसराईला खरा रंग चढतो तो उन्हाळ्यात. तूर-हरभरा घरात आला, पोरांच्या परीक्षा उरकल्या, की तिथी निघतात. आणि नेमका त्याच दिवसांत वाशीम जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. नवरी त्या उन्हात तासन् तास मांडवात असते. डोक्यावर पदर, कपाळाला मुंडावळ्या, गळ्यात हार आणि वरून अक्षतांचा मारा. केशरचना मात्र ठरते मोबाइलमधल्या फोटोवरून, आणि तो फोटो बहुधा थंडगार स्टुडिओत, केस विंचरून झाल्याबरोबर काढलेला असतो. नवरीला काय शोभेल हे चेहरा गोल की लांबट यावरून ठरवण्याआधी त्या दिवसाचे विधी आणि हवा यांवरून ठरवावे, असे मला ठामपणे वाटते. तसे पाहिले तर मानेलगत बांधलेल्या अंबाड्याला तोड नाही.

मुंडावळ्यांचेच घ्या. आडवी सर कपाळावरून जाते, तिचे दोरे डोक्यामागे बांधतात आणि दोन सरी कानशिलांवरून गालांलगत लोंबतात. टाळूवर उंच पफ काढला असेल, तर दोऱ्याला टेकायला जागाच उरत नाही. गाठ सरकते, सर कधी भुवयांवर उतरते तर कधी पफवर चढते, आणि करवलीचा अर्धा वेळ ती सारखी करण्यातच जातो. अंबाडा खाली असला, की गाठ त्याच्या वरच्या अंगाला अडते आणि हलत नाही. गालावर सोडलेल्या बटांचीही तीच गत. त्या मोत्यांत अडकतात. ‘चेहरा गोल आहे, दोन्ही बाजूंनी बटा सोडू,’ असे पार्लरमध्ये सुचवतात. पण गालांवरच्या त्या दोन उभ्या सरी चेहरा लांबट दाखवायचे काम आधीच करत असतात. बौद्ध पद्धतीच्या लग्नात होम नसतो. तिथे कपाळही मोकळे ठेवणार असाल, तर निवडीला वाव अर्थातच जास्त.

केस मोकळे सोडून त्यांना लाटा द्याव्यात, ही आजची आवड. त्यात वाईट काही नाही, पण वैशाखात ते टिकत नाही आणि त्याला कारण आहे. केसाचा आकार धरून ठेवणारे हायड्रोजन बंध उष्णतेने सुटतात आणि केस थंड होताना नव्या वळणात पुन्हा जुळतात. कर्लिंग रॉडचे सारे काम यावर चालते. ओलावा लागला की तेच बंध परत सुटतात, म्हणून मानेवर घाम आला की वळणे उतरतात. मग स्प्रेचा मारा होतो. पुष्कळशा हेअर स्प्रेमध्ये अल्कोहोल असते, ओला असताना तो पेट घेऊ शकतो. आणि लाजाहोमाला तर नवरी अग्नीसमोर वाकून लाह्या अर्पण करते.

‘अंबाडा म्हणजे आजीच्या काळातला’ हा आक्षेप हमखास येतो. आजीच कशाला, तो त्याहून फार जुना आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात आहे. शेजारच्या १७ व्या लेण्यात आरशात पाहत साजशृंगार करणारी स्त्री रंगवली आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर मानेवर रुळणारे, फुलांनी आणि दागिन्यांनी सजवलेले अंबाडे इतक्या तऱ्हांचे आहेत, की त्यांना साधे म्हणायला जीभ रेटू नये. पोहरादेवी हे ज्यांचे श्रद्धास्थान आहे त्या बंजारा समाजातल्या बायका घुगरी-टोपली हे चांदीचे दागिने कानशिलांजवळच्या केसांत गुंफतात. तिथेही आधी वजन पेलेल अशी गुंफण होते, दागिना त्यानंतर चढतो.

फोटोंचे काय, असेही विचारले जाईल. अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी या साऱ्यात नवरीची मान खाली असते आणि कॅमेरा बाजूला किंवा मागे. दिसते ती मान आणि अंबाडाच. केस विरळ असतील तर गंगावन आहे. आपल्याकडे ते कुणी कधी कमीपणाचे मानले नाही. एका गोष्टीला मात्र मुलींनी स्पष्ट नकार द्यावा: केस ताणून बांधणे. दिवसभराच्या ओढीने डोके ठणकते, आणि असे वारंवार केले तर कपाळाच्या कडेचे केस गळू लागतात. हळदीचे तेल निघण्यासाठी केस आदल्या दिवशी धुवावेत. लग्नाच्या सकाळी धुतलेले केस निसरडे असतात, पिना धरत नाहीत. मोगऱ्याचा हंगाम उन्हाळाच, तेव्हा गजरा मिटल्या कळ्यांचा घ्यावा, कारण त्या संध्याकाळकडे उमलतात. पार्लरमध्ये चाचणीला जाताना मुंडावळ्या आणि लग्नातली साडी सोबत न्यावी, पदर घेऊन, मान खाली घालून थोडा वेळ बसून पाहावे, आणि एखादी पिन टोचलीच तर ताईंना ती तिथल्या तिथे बदलायला सांगावी.