इंग्रजी लेखनातील स्वल्पविराम : श्वास आणि अन्वय

इंग्रजीतून प्रबंध किंवा संशोधनलेख लिहिणाऱ्या मराठी भाषक अभ्यासकाचा शब्दसंग्रह बहुधा पुरेसा असतो, आणि काळ, वचन, विभक्ती यांच्या चुकाही तो कटाक्षाने टाळतो. तथापि त्याच्या लेखनात एक दोष वारंवार आढळतो, आणि पुष्कळदा तो दोष म्हणून ओळखलाही जात नाही. हा दोष स्वल्पविरामाच्या योजनेचा होय. वाचताना जेथे थांबावेसे वाटते तेथे स्वल्पविराम द्यावा, हा शालेय संस्कार त्याच्या मुळाशी असतो. परंतु आजच्या इंग्रजी गद्यात स्वल्पविराम हे मुख्यतः श्वासाचे चिन्ह नसून अन्वयाचे चिन्ह आहे. हा भेद ध्यानात न घेतल्यास लेखाची शैली तर बिघडतेच, पण लेखकाचे विधानही पालटते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

१. श्वासाकडून अन्वयाकडे

श्वासाची कल्पना निराधार नाही. मोठ्याने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी ओळीत निरनिराळ्या उंचीवर तीन प्रकारचे बिंदू देण्याच्या पद्धतीचे श्रेय परंपरेने अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातील विद्वान बायझँटियमचा ॲरिस्टोफेनिस यास दिले जाते. 'कॉमा' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'कापलेला तुकडा' असा आहे. प्रथम तो वाक्याच्या लहान खंडाचा वाचक होता; चिन्हाला ते नाव पुढे मिळाले. त्या चिन्हाचा आजचा वक्र आकार रूढ होण्यास व्हेनिसचा मुद्रक आल्डस मानुटियस याची १४९० नंतरच्या दशकातील छपाई मुख्यत्वे कारण झाली. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणातही विरामांचे कालमान सांगितलेले आहे : स्वल्पविरामाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट अपूर्णविराम आणि त्याच्याही दुप्पट पूर्णविराम. मौनवाचन सार्वत्रिक होत गेले, तसतसे वाक्याचे घटक डोळ्यांना वेगळे दाखविणे हे या चिन्हांचे प्रधान कार्य ठरले.

मराठीत ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या संपर्काने आली, आणि त्यांच्या प्रसारात मेजर टॉमस कँडी यांचा वाटा मोठा आहे. मराठीने चिन्हे घेतली; वाक्यरचना मात्र तिची स्वतःचीच राहिली. मराठी वाक्यात स्वाभाविक वाटणारा स्वल्पविराम इंग्रजी वाक्यात अनेकदा चूक ठरतो, त्याचे कारण हेच.

२. मर्यादक आणि पूरक उपवाक्ये

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा नियम संबंधी उपवाक्याचा आहे. पुढील दोन वाक्ये पाहावीत :

(अ) द मॅन्युस्क्रिप्ट्स विच वेअर डॅमेज्ड वेअर एक्स्क्लूडेड.
(आ) द मॅन्युस्क्रिप्ट्स, विच वेअर डॅमेज्ड, वेअर एक्स्क्लूडेड.

पहिल्या वाक्याचा अर्थ असा की, हस्तलिखितांपैकी जी खराब झाली होती तेवढीच वगळली. उरलेल्यांचा अभ्यास केला. दुसऱ्या वाक्याचा अर्थ असा की, सर्वच हस्तलिखिते खराब झाली होती आणि ती सर्वच वगळली. शब्द तेच, क्रमही तोच. परंतु दुसऱ्या वाक्यानंतर संशोधकापाशी अभ्यासावयास एकही हस्तलिखित उरत नाही. (अ) मधील उपवाक्य मर्यादक आहे : ते नामाची व्याप्ती आखते. (आ) मधील उपवाक्य पूरक आहे : ते आधीच निश्चित झालेल्या नामाविषयी जादा माहिती देते.

मराठी भाषकाची येथे हमखास चूक होते, आणि तीही सकारण. मराठीत हा मर्यादक अर्थ 'ज्या पोथ्या खराब झाल्या होत्या, त्या वगळल्या' असा 'जो-तो' रचनेने व्यक्त होतो, आणि दोन उपवाक्यांमध्ये स्वल्पविराम येतो. म्हणजे इंग्रजीत जेथे स्वल्पविराम वर्ज्य आहे, नेमका तेथेच मराठीत तो रूढ आहे. ती सवय इंग्रजीत उतरली की मर्यादित विधान सार्वत्रिक होऊन बसते.

यावर कसोटी सोपी आहे. उपवाक्य काढून टाकावे. उरलेले विधान लेखकाला अभिप्रेत असलेल्या सर्व वस्तूंना लागू पडत असेल, तर उपवाक्य पूरक समजून दोन्ही बाजूंस स्वल्पविराम द्यावेत. लागू पडत नसेल, तर एकही देऊ नये. आरंभी स्वल्पविराम देऊन शेवटी तो विसरणे, हे दोन्ही बाजूंनी सदोष होय.

३. मराठी सवयींचे तीन अवशेष

पहिला अवशेष 'की' चा. 'लेखक म्हणतो की, ...' असे मराठीत सर्रास लिहितात. त्याच धर्तीवर इंग्रजी 'दॅट' नंतर दिलेला स्वल्पविराम अशुद्ध आहे. मध्ये एखादा पूरक खंड आला, तरच तो खंड दोन स्वल्पविरामांत ठेवावा.

दुसरा अवशेष दीर्घ कर्त्याचा. कर्तृपद कितीही लांबले आणि वाचताना दम लागला, तरी कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम येऊ शकत नाही.

तिसरा अवशेष वाक्यांच्या सांधणीचा. 'पाऊस आला, नद्या फुगल्या' ही मराठीत निर्दोष रचना आहे. इंग्रजीत दोन स्वतंत्र वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे औपचारिक लेखनात दोष मानला जातो. तेथे अर्धविराम, पूर्णविराम किंवा उभयान्वयी अव्यय हवे. 'हाउएव्हर' हे क्रियाविशेषण असल्याने ते अशी जोडणी करू शकत नाही, हेही लक्षात ठेवावे.

४. यादीतील स्वल्पविराम आणि न्यायालये

तीन वा अधिक पदांच्या यादीत 'अँड' किंवा 'ऑर' पूर्वी स्वल्पविराम द्यावा की नाही, याविषयी मतभेद आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाची आणि शिकागोच्या शैलीपुस्तकाची परंपरा तो देण्याची आहे. ब्रिटिश वृत्तपत्रे बहुधा तो गाळतात. प्रबंधात कोणतीही एक पद्धत अखेरपर्यंत पाळावी. परंतु संदिग्धता येत असेल तेथे तो अवश्य द्यावा.

अशी संदिग्धता किती महाग पडते, हे अमेरिकेतील मेन राज्याच्या एका खटल्यात दिसून आले. जादा कामाच्या वेतनातून वगळलेल्या कामांच्या कायद्यातील यादीचा शेवट 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असा होता. 'ऑर' पूर्वी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे वितरण हे वगळलेले स्वतंत्र काम, की वितरणासाठीची केवळ बांधणी वगळलेली, असा प्रश्न उद्भवला. २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तरतूद संदिग्ध ठरवून ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांच्या बाजूने निर्णय दिला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

भारतात १९५२ मध्ये अश्विनीकुमार घोष यांच्या खटल्यात विरामचिन्हे ही कायद्याच्या अर्थनिर्णयात गौण असल्याचे मत सर्वोच्च न्यायालयात व्यक्त झाले होते. तथापि १९७९ मध्ये महंमद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात त्याच न्यायालयाने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या २७ व्या कलमातील 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' या शब्दांत 'स्टॉक्स' नंतर स्वल्पविराम नाही, याकडे लक्ष वेधले. त्यावरून 'विक्रीसाठी' हे पद साठा आणि प्रदर्शन या दोहोंस लागू होते, आणि औषधे नुसती बाळगणे हा त्या कलमाखाली अपराध होत नाही, असा अर्थ लावण्यात आला.

संशोधनलेखाची छाननी न्यायालयात होत नाही. परंतु विधानाची व्याप्ती काटेकोर असावी, ही अपेक्षा तेथेही तितकीच असते. म्हणून हस्तलिखित तपासताना प्रत्येक स्वल्पविरामापाशी तो कोणत्या दोन घटकांना वेगळे करतो, हे लेखकाने स्वतःला विचारावे. या प्रश्नाचे उत्तर व्याकरणाच्या भाषेत देता येत नसेल, तर तो स्वल्पविराम बहुधा श्वासातून आलेला असतो, आणि तो काढून टाकणेच इष्ट.